भिंतीवरचा तुकडा

आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई गोजरबाई, एका बाईवर तीस वर्षं जळत होत्या, आणि ती बाई त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. ती राहायची इटलीत. हयात आहे की नाही, तेसुद्धा आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पण आत्तींचं बोलणं ऐकून नवख्या माणसाला वाटावं, ती बाई आमच्या मागच्या अंगणात हौदाला टेकून उभी आहे आणि आत्ता पदर खोचून घरात शिरणार आहे.

सकाळची पूजा आटोपली की वहीत चार ओळी लिहायची मला सवय आहे. त्यात बहुतेक देवाचं आणि भाजीपाल्याचंच असतं. पण मागच्या आठवड्यात आमच्या विजूचा, म्हणजे माझ्या लेकीचा, वाढदिवस झाला आणि त्या दिवशी आत्तींनी जे केलं ते चार ओळींत मावेना. म्हणून आज जरा ऐसपैस लिहायला बसले आहे.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. नाव महिपती. सांगोल्याच्या अंगाला एका उजाड गावात त्यांची मेंढरं होती. मोठी लढाई पेटली तेव्हा भरतीवाले गावोगाव फिरत होते. मामांची छाती मापात बसली आणि ते गेले. आमचे हे तेव्हा रांगत होते. फौजेत मामांच्या हाती बंदूक थोडी आणि पीठ जास्त आलं. ते लंगरात होते, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात. आधी आफ्रिकेची वाळू, मग जहाजानं इटली. पाच वर्षांनी घरी आले ते एक जाडजूड कांबळं, एक तामचिनीचा मग, एक पदक आणि डोक्यात एक केक घेऊन.

पुढं मेंढरं मोडली, मामा सोलापुरात एका गिरणीच्या फाटकावर राखणदार झाले. हे मोठे झाल्यावर अक्कलकोट रोडच्या नव्या कारखान्यांत टॉवेलच्या मागांवर लागले. मी लग्न होऊन आले तेव्हा दोन खोल्या, मागं अंगण, अंगणाला कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडं सुंदरम्माचं घर, असा आमचा संसार होता. सुंदरम्माच्या घरी चादरींचे माग. खटखट चालूच. ते बंद पडले तरच आम्हाला काहीतरी झाल्यासारखं वाटायचं.

विजू वर्षाची झाली तेव्हा मामांनी पहिल्यांदा तो केक केला. आत्तींची जळफळ त्याच्या कितीतरी आधीची. केकनं त्या जळफळीला वास दिला एवढंच.

तो वास लिंबाच्या सालीचा. आमच्याकडं गोडात वेलदोडा जातो, जायफळ जातं, लिंबाची साल किसून गोडात घातलेली मी तरी पाहिली नव्हती. मामा अंगणात शेगडी पेटवायचे. तिच्यावर लोखंडी घमेलं, घमेल्यात वाळू. वाळू तापेपर्यंत अंडी घुसळायची. त्याची रवी वेगळी, अंगणातल्या खिळ्याला टांगलेली. ती मी घरात येऊ देत नसे. मग साखर, मैदा, लोणी, आणि शेवटी लिंबाची पिवळी साल, पांढऱ्याला धक्का न लावता. सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ओतून डबा वाळूत बसवायचा, वर परात, परातीवर निखारे. आणि मग मामा मांडी घालून शेगडीसमोर बसायचे. परात उचलून कुणी डोकावायचं नाही, हा त्यांचा कायदा.

"उगडलं की बसतो," म्हणायचे. "वास सांगतो आपला आपन, कवा झालं ते."

आत्ती त्या वेळी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर असायच्या. तोंड घराकडं, पाठ अंगणाकडं. पुढ्यात सूप, सुपात जोंधळे. त्या दिवशी जोंधळे निवडायचे नसले तरी निवडायच्या. निवडलेले पुन्हा निवडायच्या. केकचा कण म्हणून त्यांनी कधी तोंडात घातला नाही. मुलं ओढायला लागली की म्हणायच्या, "मला दातांनी चावत न्हाय." लोण्यासारखा मऊ केक, आणि ह्या बाईचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत.

"कोण होती हो ती, आत्ती?" लग्नानंतर एकदा त्यांच्यासोबत सुपाशी बसले असताना मी विचारलं.

"कोन म्हंजी? मरीआई."

मामा तिला मारिया म्हणत. आत्तींनी तिची सरळ मरीआई केली होती, म्हणजे गावावर पटकी सोडणारी देवी. मी आपले मनातल्या मनात हात जोडले. देवीचं नाव असं घेऊ नये.

"मामा तर म्हणतात म्हातारी होती."

"पैल्यांदा सांगितलं तवा बाई व्हती," आत्ती खडा टिपून लांब फेकत म्हणाल्या. "मी दोन दिस जेवले न्हाय, तवा म्हातारी झाली."

"आणि तिचा नवरा?"

"लडाईवर. तेच तर सांगतीया की. नवरा घरी न्हाय, अंगनात मातीची भट्टी, आन आमचा ह्यो बाप्या पीठ मळाया."

मामांकडून ऐकलेली हकीकत अशी. थंडीच्या दिवसांत पलटण एका गावात थांबली होती. लंगराची चूल एका घराच्या अंगणात लागली, कारण तिथं आयती भट्टी होती. त्या घरच्या बाईला लहान मुलगी होती, तिचा वाढदिवस आला आणि घरात उंदरानं न्यावं एवढंसुद्धा पीठ नव्हतं. मामांनी साहेबाला विचारून साखर-मैदा दिला, बाईनं परसातलं लिंबू तोडलं. तिची भाषा मामांना येत नव्हती, मामांची तिला. अंडी किती ते बोटांनी, साखर किती ते ओंजळीनं. केक झाला तेव्हा तिनं पहिला तुकडा कापला आणि तो ना मुलीला दिला, ना मामांना. खिडकीत नेऊन ठेवला. तिचा नवरा लढाईवर गेला होता, त्याच्या नावानं. मग बाकीच्यांना वाटला.

हे मामांच्या मनात घर करून बसलं असावं. आमच्याकडं केक व्हायचा, मी मुलीला पाटावर बसवून औक्षण करायची, विजू सुरी चालवायची. पहिला तुकडा निघाला की मामा तो हातावर घ्यायचे आणि मागच्या भिंतीवर नेऊन ठेवायचे. मग म्हणायचे, "हं, खावा आता."

"आजोबा, कुणाला हो तो?" विजू विचारायची.

"तितल्या मानसांना. आमच्यातले लईजन तितंच राहिले की गं."

सगळ्यांना ते पटायचं. मलाही. सुंदरम्मा तर भिंतीपलीकडून हात जोडायची. आत्तींना मात्र पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, मेलेल्या माणसाचा घास भाताचा असतो, अंड्याचा नसतो, आणि पलटणीतली सांगोल्याकडची पोरं लिंबाची साल कशाला खातील. तो तुकडा कुणाचा ते आपल्याला कळतंय.

त्या तुकड्याचं त्यांना एवढं का लागत होतं, हे मला बहात्तरच्या दुष्काळात कळलं. त्या वर्षी रेशनवर परदेशी लाल ज्वारी, मिलो, येत होती आणि मैदा बघायला मिळत नव्हता. वाढदिवस आला, केक झाला नाही. मी गुळाचा सांजा केला. सगळं गाव आभाळाकडं बघून सुस्कारे टाकत होतं आणि आमच्या आत्ती तेवढ्या खुशीत होत्या. दिवसभर गुणगुणत होत्या. दुष्काळानं खुललेली बाई मी ती एकच पाहिली. रात्रीच्या मिलोच्या भाकरी थापताना त्यांनी पहिली भाकरी तव्यावरून काढली, बाजूला ठेवली आणि आपसूक बोलायला लागल्या.

"हिंदुराव, तुजा नवरा, रांगत व्हता तवाधरनं रोज पैली भाकरी त्यांच्या नावानं काडून ठिवायची मी. सासू म्हनायची, गोजरे, जित्या मानसाच्या नावानं घास काडू नये. मी म्हनायची, जिता हाय म्हनूनच काडते. सकाळी कुत्र्याला घालायची. घरात पोट भरंल एवढं नसलं तरी काडायची. पाच वर्सं." त्यांनी दुसरी भाकरी उलटली. "माजी भाकरी कुत्र्यानं खाल्ली, आन तिच्या नावचा तुकडा भितीवर. माज्या नावचा तुकडा कुटं काडला गं कुनी?"

मी म्हटलं, "आत्ती, एवढंच आहे तर सांगा की मामांना एकदा."

"मागून घेतल्यावर त्यो माज्या नावचा ऱ्हाईल व्हय?"

एवढंच होतं. एक तुकडा, न मागता. त्यासाठी ती बाई दर वाढदिवसाला पाठ करून बसत होती आणि कान मात्र शेगडीकडं असत.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर मामांचं उजवं अंग गेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सुंदरम्मानं कबुतराच्या रक्ताचा काहीतरी उपाय सांगितला, मी अक्कलकोटला जाऊन स्वामींना नारळ ठेवला. वाचा थोडी परतली, हात परतला नाही. अंगणात खाटेवर बसून राहायचे. बोलायला लागले की अर्धं तोंड बोलायचं, अर्धं ऐकायचं. आत्ती त्यांना भरवायच्या, पुसायच्या, कूस बदलायच्या, आणि वर खडसवायच्या. "फौजेत असंच लोळत पडायचा का? तितं कोन पुसत व्हतं तोंड?" आणि लगेच गप्प व्हायच्या, कारण नको ते उत्तर सुचलेलं असायचं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा जवळ आली तसे मामा अस्वस्थ झाले. जत्रा उठली की विजूचा वाढदिवस येतो. एक दिवस त्यांनी मला डाव्या हातानं खुणावलं. खिळ्यावरच्या रवीकडं बोट.

"शीक," म्हणाले.

अंड्याचं माझं तसं काही नव्हतं. सोमवार-गुरुवार पाळायची, एरवी हात लावायला हरकत नव्हती. पदर खोचून बसले. मामा खाटेवरून सांगायचे, मी करून दाखवायची. रवी कशी धरायची, साल किसताना बोट कुठं थांबवायचं. त्यांना शब्द सापडला नाही की ते माझ्याकडं बघायचे आणि मी तो शोधून द्यायची. मला गंमत वाटायला लागली. दोघं हसायचोसुद्धा.

तिसऱ्या दिवशी पाहते तर उंबऱ्यावर सूप आपटलं गेलं.

"तिनं त्यांना शिकिवलं," आत्ती कुणाकडं न बघता म्हणाल्या. "आता ह्ये तुला शिकिवनार. उद्या तू इजीला शिकीव. साऱ्या जगाचं शिकून हुंदे. मी काय, जोंधळं निवडाया जल्माला आले."

"आत्ती, तुम्ही या ना इकडं. तुम्हीच करा."

"मला कशाला? मला कुटं हाक मारलीया कुनी."

मामांनी डोळे मिटून घेतले. झोप आली की ऐकू आलं, ते समजलं नाही. त्या दिवसापासून आत्ती माझ्याशी तुटक वागायला लागल्या. माझ्या भाजीत मीठ कमी निघायला लागलं. मी मामांना पाणी द्यायला उठले की माझ्याआधी तांब्या पोचलेला असायचा. इटलीतली बाई बरी म्हणायची वेळ आली, ती निदान लांब होती.

आणि नेमका वाढदिवस गुरुवारी आला. मी आधी पंचांगात पाहिलंच नव्हतं. आदल्या संध्याकाळी लक्षात आलं. स्वामींच्या वारी अंडं फोडायचं म्हणजे माझ्यानं होणार नव्हतं. मामा आजारी पडले तेव्हाच मी एकही गुरुवार मोडणार नाही असं बोलले होते.

"मामा, आजच करून ठेवते. उद्या कापू."

त्यांनी मान हलवली. "शिळा," म्हणाले. एवढा एक शब्द स्पष्ट निघाला.

"मग शुक्रवारी?"

विजूचा चेहरा उतरला. तिनं शाळेतल्या मैत्रिणींना बोलावून ठेवलं होतं.

गुरुवारी दुपारी मी पूजा करून उठले तर अंगणातून धूर. बाहेर येऊन बघते तो आत्ती शेगडीसमोर. घमेल्यात वाळू, हातात रवी. पाठ ह्या खेपेला घराकडं होती. खाटेवर मामा उशीला टेकून बघत होते.

"आत्ती, मी सांगू का प्रमाण?"

"तुजा गुरवार हाय न्हवं? मग तू जप कर."

त्यांना काही सांगावं लागलं नाही. अंडी किती, साखर किती, लोणी कुठवर फेटायचं, सगळं बरोबर. नऊ-दहा वर्षं पाठ करून बसलेली बाई, पण एक आवाज त्यांनी चुकवला नव्हता. रवीचा सूर कधी बदलतो, डबा वाळूत रुतताना कसा करकरतो, तेवढ्यावरून त्यांनी अख्खा केक ऐकून ठेवला होता. मायेनं बघणारा माणूस मधून मधून डुलकी काढतो, मत्सरानं बघणारा काढत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

लिंबू मात्र तसंच पडून होतं. मामांनी डाव्या हातानं दाखवलं.

"लिंबू?"

"आजाऱ्याला आंबट चालत न्हाय," आत्ती म्हणाल्या आणि दोन वेलदोडे दाढेखाली फोडावेत तसे बत्त्यानं फोडून त्यात टाकले.

डबा वाळूत बसला, परात चढली, निखारे ठेवले. वास सुटायला लागला, ओळखीचा आणि तरी वेगळा. इथपर्यंत सगळं नीट होतं. पण जन्मभर भाकरी भाजलेली बाई. विस्तवावर काहीतरी आहे आणि आपले हात रिकामे, हे त्यांना सोसेना. एकदा उठल्या, एकदा बसल्या. परातीच्या कडेला बोट लावून बघितलं. शेवटी फडकं घेऊन त्यांनी परात उचलली.

मामांच्या घशातून आवाज आला. "न... नगं."

"खालनं भाजलाय. वरनं वला हाय. बगा की."

"आत्ती, तो तसाच असतो, झाका," मी दारातून म्हटलं.

"एका बाजूनं भाजलेलं मी जल्मात कुनाच्या ताटात वाडलं न्हाय," असं म्हणून त्यांनी डबा बाहेर काढला, ताटात पालथा केला आणि अर्धाकच्चा केक भाकरी उलटावी तसा उलटून पुन्हा डब्यात सरकवला.

तो बसला. सुस्कारा टाकावा तसा आवाज करून बसला. मुठीएवढा फुगलेला, दोन बोटांवर आला. भिंतीपलीकडून सुंदरम्मा मान उंच करून बघत होती.

"अय्यो गोजरक्का, केक का भाकरी?"

"दोनी," आत्ती म्हणाल्या आणि परात झाकली.

संध्याकाळी मुली जमल्या. मी औक्षण केलं. ताटात तो केक, दोन्ही बाजूंनी खरपूस, मधोमध आत्तींच्या बोटांचे ठसे. मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. आमचे हे कारखान्यातून सायकल दामटत आले होते, तेही केकाकडं बघून मिशीतल्या मिशीत हसले. विजूनं सुरी घातली, जरा जोर लावून. पहिला तुकडा निघाला. तिनं तो रिवाजाप्रमाणं आजोबांच्या डाव्या हातावर ठेवला.

मामांना उठता येत नव्हतं. मी हात पुढं केला, म्हटलं द्या, मी ठेवते भिंतीवर. त्यांनी हात मागं घेतला. आत्ती दाराशी होत्या, नेहमीसारखी पाठ करून. मामा त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि त्या पिढीचा नवराही बायकोला चारचौघांत नावानं हाक मारत नाही. मी लग्न होऊन आल्यापासून मामांनी आत्तींना "अगं" शिवाय काही म्हटलेलं ऐकलं नव्हतं. त्यांचं अर्धं तोंड हललं.

"गो... जर."

आत्ती वळल्या. चेहरा असा, की जणू कुणी चोरी पकडली.

"धर," मामा म्हणाले.

आत्ती आल्या. तुकडा घेतला आणि सवयीनं भिंतीकडं निघाल्या. "ठिवते म्हनं," पुटपुटल्या.

"तुजा हाय."

त्या तिथंच थांबल्या, भिंत दोन पावलांवर राहिली होती. मग आमच्याकडं पाठ करून त्यांनी तो खाल्ला. चावायला वेळ लागत होता, दात शाबूत असूनही. पदरानं डोळे पुसले की तोंड, पाठीवरून कळलं नाही. त्या दिवशी भिंतीवर काही ठेवलं गेलं नाही.

इथं मी थांबले असते तर बरं दिसलं असतं. पण आत्ती थांबणाऱ्या नव्हत्या. मुलींना वाटून झालं, मामांना त्यांनी स्वतः घास भरवला आणि खाटेच्या कडेला टेकून, कुणी ऐकत नसल्यासारखं विचारलं,

"बोला की. तिच्यापरीस कसा हाय?"

मामा किती तरी वेळ घास घोळवत राहिले. मग एकेक शब्द वेचून काढत म्हणाले,

"तिला... उलटवाया... येत नव्हतं."

आम्ही सगळे हसलो. आमच्या ह्यांना तर ठसका लागला. आत्तींच्या तोंडावर आधी उजेड आला, नव्या नवरीसारखा. मग तो जागच्या जागी थांबला. भुवया जवळ आल्या.

"म्हंजी बगत बसलावता तुमी. ती भाजत असताना."

मामांनी डोळे मिटले. अर्धं तोंड हसत होतं. ते पुढं तीन-चार महिने जगले आणि तेवढे दिवस आत्तींनी त्यांना त्या एका वाक्यावरून रोज छळलं. भट्टी केवढी होती, ती कुठं बसायची, मामांची खाट कुठं होती. मामाही खट्याळ, कधी म्हणत दिसत नव्हतं, कधी म्हणत सगळं दिसायचं. त्या प्रश्नोत्तरांत त्यांची वाचा पुष्कळ सुधारली. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचा गुण. उन्हाळ्यात, सुंदरम्माचे माग चालू असताना भरदुपारी, आत्तींच्या मांडीवर मामा गेले.

वर्षश्राद्ध व्हायचं होतं म्हणून गेल्या वर्षी काही केलं नाही. यंदा जत्रा उठल्यावर विजूनंच आठवण केली. वार मी आधीच पाहून ठेवला होता, मोकळा होता. रवी हातात घेतली तर आत्तींनी ती काढून घेतली.

"तुला उलटवाया येतं का?"

"नाही."

"मग?"

यंदाही त्यांनी परात उचलली, यंदाही केक सुस्कारला आणि बसला. मुलींना आता तो तसाच लागतो. मागच्या गल्लीतल्या एका बाईनं बेकरीतून फुलाफुलांचा आणला होता, तर विजू म्हणाली, तो एकाच बाजूनं भाजलाय.

विजूनं पहिला तुकडा कापला. आत्तींनी तो घेतला, मग सुरी मागून दुसरा स्वतः कापला. दोन्ही घेऊन भिंतीकडं गेल्या. एक ठेवला कडूनिंबाच्या बाजूच्या टोकाला. दुसरा पार दुसऱ्या टोकाला, सुंदरम्माच्या न्हाणीजवळ. परत आल्या, टोपलीतलं लिंबू घेतलं, नखानं पिवळी साल खरवडली आणि त्या लांबच्या तुकड्यावर टाकली. तेवढ्यावरच.

"आत्ती, दोन कशाला?"

"एक ह्यांचा. एक तिचा. तिचा बी नवरा परत आला का न्हाय, कुनाला म्हाईत. न्हाई आला तर तिनं बी लई तुकडं काडलं आसतील."

मला भरून आलं. स्वामींचं नाव घेतलं मनात. म्हटलं, निवळली बाई. आणि तोंडातून निघून गेलं, "मग शेजारी शेजारी ठेवा की. कावळ्यालाही सोपं."

आत्तींनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी दाराच्या आत सरकले.

"शेजारी कशाला? तितं बी शेजारी, आन हितं बी?"

त्यांनी आपला तुकडा घेतला, भिंतीच्या बरोबर मधोमध जाऊन पाय पसरून बसल्या, आणि खायला लागल्या. कावळा आला की एकदा इकडं बघायच्या, एकदा तिकडं.